लॉग रोटेट झाला की ग्रेपचा आकडा गंडतो, फाइल ‘बायनरी’ म्हणते: मूळ कुठे असतं आणि फिक्स काय

आधी एक सांगून ठेवतो, कमांड मी फोनवर एकमेकांना सांगतो तशाच लिहिल्यात, टीआर मायनस डी, ग्रेप मायनस ए वगैरे, टाइप करताना तुम्ही नेहमीसारखं करा. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे कॅपिटल म्हटलंय. चिन्हं आणि आकडे मात्र जसेच्या तसे घ्या.

तर प्रॉब्लेम असा. आमच्याकडे एक छोटी स्क्रिप्ट रोज सकाळी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) चालते, आदल्या दिवसाच्या तारखेच्या एररवाल्या ओळी ॲपच्या लॉगमधून ग्रेपने (दिलेला शब्द असलेल्या ओळी शोधणारी कमांड) काढते, मोजते आणि टीमला मेल टाकते. आकडा साधारण दोनशे-अडीचशेच्या घरात असतो. सोमवारी मात्र यायचा १. मंगळवारी पण १, बुधवारी पण १, आणि गुरुवारी पुन्हा सव्वादोनशे. पहिल्यांदा तर सगळे खूश, म्हणाले रविवारी काहीतरी फिक्स गेलेला दिसतोय. बरेच आठवडे हेच चाललं होतं आणि कोणालाच हे विचारावंसं वाटलं नाही की बाबा एवढ्या मोठ्या सिस्टिममध्ये तीन दिवस रोज बरोब्बर एकच एरर कशी येईल. कमी आकड्यावर कोणी संशय घेत नाही, जास्त आला असता तर पहिल्याच दिवशी धावपळ झाली असती.

मी बघायला बसलो तेव्हा डोकं अजून फिरलं, कारण हाताने चालवलं की आकडा बरोबर. मी ग्रेप मायनस सी करत होतो, म्हणजे ग्रेपलाच मोजायला सांगत होतो, उत्तर २३१. स्क्रिप्टमध्ये ग्रेपचं आउटपुट पाइप करून डब्ल्यूसी मायनस एल ला, म्हणजे ओळी मोजणाऱ्या कमांडला, दिलेलं, उत्तर १. फाइल तीच, शब्द तोच. मग डब्ल्यूसी काढून टाकलं आणि नुसता ग्रेप चालवला तर स्क्रीनवर एकच ओळ आली, ‘बायनरी फाइल ॲप.लॉग मॅचेस’. संपलं. हीच ती एक ओळ जी डब्ल्यूसी इमानदारीत मोजत होतं. ग्रेपला वाटलं ही टेक्स्ट फाइल नाहीये, त्यामुळे ओळी छापायच्या ऐवजी त्याने एक वाक्य छापलं आणि एक्झिट कोड दिला 0, म्हणजे सापडलं, सगळं छान. मायनस सी ला ओळी छापायच्याच नसतात म्हणून तो तिथे अडत नाही आणि मोजून देतो.

आणखी एक मजा बघा. दुसऱ्या, नव्या सर्व्हरवर हीच स्क्रिप्ट १ च्या ऐवजी 0 देत होती. कारण ग्रेपच्या ३.५ व्हर्जनपासून हे वाक्य स्टँडर्ड एररवर जातं, स्टँडर्ड आउटपुटवर नाही. त्यामुळे तुमच्याकडे आकडा १ येतोय की 0 येतोय ते फक्त ग्रेप किती जुना आहे त्यावर आहे, आजार एकच. आणि क्रॉनच्या ओळीत जर कोणी 2> लावून एरर फेकून दिल्या असतील तर नव्या ग्रेपमध्ये हा मेसेज कुठेच दिसणार नाही, बसा शोधत.

आता यावर कोणालाही विचारा, पहिलं उत्तर येतं ग्रेप मायनस ए लाव. म्हणजे काहीही असो, टेक्स्ट समज. चालतं, खोटं नाही. पण मी लावला आणि एका कमी मेमरीच्या मशीनवर ग्रेप ‘मेमरी एक्झॉस्टेड’ म्हणून मेला. तेव्हा कळलं की इथे नुसता एखादा चुकार कॅरेक्टर नाहीये, आत काहीतरी भलतंच मोठं आहे.

फाइलच्या आत काय आहे ते डोळ्यांनी बघायचं असेल तर एडिटरमध्ये उघडू नका, एडिटर पुष्कळ गोष्टी लपवतात. ओडी वापरा:

ओडी -सी ॲप.लॉग | हेड

मला पहिल्या ओळीत दिसलं 0000000 आणि त्यापुढे \0 \0 \0 \0 असे सोळा. दुसऱ्या ओळीत फक्त एक * चिन्ह. तिसऱ्या ओळीत थेट एक लांबलचक पत्ता आणि मग आपली तारीख, वेळ, नेहमीची लॉगची ओळ. त्या * चा अर्थ ‘वरच्यासारखंच पुढे चालू’, ओडी एकसारख्या ओळी गुंडाळून दाखवतो. म्हणजे फाइलच्या सुरुवातीला नल बाइट्सचा (किंमत शून्य असलेले बाइट) डोंगर आणि त्याच्या टोकाला खरा लॉग. किती नल आहेत ते मोजायचं असेल तर:

टीआर -सीडी '\000' < ॲप.लॉग | डब्ल्यूसी -सी

म्हणजे नल सोडून बाकी सगळं उडव आणि उरलेलं मोज. माझ्याकडे हा आकडा तीन जीबीच्या वर होता. ग्रेप मायनस ए का मेला ते आता लक्षात येईल, नलमध्ये न्यूलाइन नसते, त्यामुळे तो सगळा डोंगर आणि त्याला चिकटलेली पहिली खरी ओळ मिळून एकच ओळ होते, तीन जीबीची, आणि ग्रेप ओळ पूर्ण मेमरीत घेतो. मायनस ए नसताना तो नललाच ओळीचा शेवट मानून पुढे सरकू शकतो, म्हणून मायनस सी सुखाने चालत होतं.

मग डिस्क भरायला हवी होती ना? नाही भरली. हे करून बघा, एलएस मायनस एलएस. सगळ्यात डावीकडे डिस्कवर खरोखर घेतलेली जागा, मधे फाइलचा साइज. माझ्याकडे साइज तीन जीबीच्या वर आणि खरी जागा चाळीस एमबीच्या आसपास. डीयू पण चाळीसच म्हणतो. एवढा फरक दिसला की समजायचं फाइल स्पार्स आहे, म्हणजे मधे भोक आहे, डिस्कवर तिथे काहीच लिहिलेलं नाही, पण कोणी वाचायला गेलं की कर्नल तिथे शून्यं वाढून देतो.

हे भोक पाडलं कोणी, हाच खरा प्रश्न. लॉगरोटेटची (जुना लॉग ठरल्या वेळी बाजूला काढणारा प्रोग्राम) कॉन्फिग उघडली तर त्यात ‘कॉपीट्रंकेट’ होतं, आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री. कॉपीट्रंकेट काय करतं, चालू लॉगची कॉपी काढतं आणि मूळ फाइल जागच्या जागी शून्य साइजची करून टाकतं. फाइल तीच राहते, आयनोड (डिस्कवरची फाइलची खरी ओळख, नावापेक्षा वेगळी) तोच, त्यामुळे ॲपला काही सांगावं लागत नाही, म्हणून तर लोकांना आवडतं ते. पण ॲप मात्र सुरू केलेलं असं (नोहप म्हणजे टर्मिनल बंद केलं तरी चालू ठेव):

नोहप ./ॲप > ॲप.लॉग 2>&1 &

तो एकेरी > बघितला? सगळी भानगड तिथे आहे. एकेरी > ने फाइल उघडली की कर्नल त्या प्रोसेससाठी एक जागा लक्षात ठेवतो, आपण कितव्या बाइटपर्यंत लिहिलं ते, म्हणजे ऑफसेट. तीन जीबी लिहून झालेत तर ऑफसेट तीन जीबीवर. लॉगरोटेटने बाहेरून फाइल रिकामी केली तरी प्रोसेसच्या ऑफसेटला त्याचा पत्ताच नाही. पुढची ओळ लिहायला गेला की तो तीन जीबीच्या खुणेवरच जाऊन लिहितो, आणि शून्यापासून तिथपर्यंतची जागा भोक म्हणून राहते. वहीची पानं कोणीतरी फाडून नेली आणि आपण तरीही पान नंबर तीनशेच्या पुढेच लिहितोय, असा प्रकार.

आणि बुधवारी बरं का व्हायचं? बुधवारी सकाळी स्क्रिप्ट चालून गेल्यावर आमचं डिप्लॉयमेंट असायचं, सर्व्हिस रीस्टार्ट व्हायची, > ने फाइल पुन्हा शून्यापासून उघडली जायची आणि पुढच्या रविवारपर्यंत सगळं सुरळीत. म्हणजे रीस्टार्टने बरं होतं म्हणून कोणी खोलात गेलं नाही, आणि त्याच रीस्टार्टमध्ये सोमवार ते बुधवारचा खरा लॉग पण पुसला जात होता, कारण एकेरी > आधी फाइल रिकामी करतो. हे लक्षात आलं तेव्हा मला आकड्यापेक्षा याचंच जास्त वाईट वाटलं.

गेस करत बसण्यापेक्षा चालू प्रोसेसला विचारा, लिनक्सवर सगळं दिसतं. प्रोक डिरेक्टरीत तुमच्या प्रोसेसचा पीआयडी, त्यात एफडीइन्फो, त्यात 1 नावाची फाइल, तिला कॅट करा. दोन ओळी महत्त्वाच्या. ‘पॉस’ म्हणजे तो ऑफसेट, आणि ‘फ्लॅग्ज’. फ्लॅग्ज ऑक्टलमध्ये असतात. नेहमीच्या ६४ बिट इंटेल किंवा एएमडी मशीनवर एकेरी > ने उघडली असेल तर 0100001 दिसतं, दुहेरी >> ने उघडली असेल तर 0102001. मधला तो 2 म्हणजे अपेंड. अपेंड असेल तर प्रत्येक वेळी लिहिताना कर्नल आधी फाइलच्या आत्ताच्या शेवटाला जातो आणि मग लिहितो, त्यामुळे बाहेरून कोणी फाइल रिकामी केली तर शेवट शून्यावर आलेला असतो, भोक पडायचा प्रश्नच नाही. माझ्याकडे अर्थात 2 नव्हता.

म्हणून फिक्स काय, तर एक कॅरेक्टर:

नोहप ./ॲप >> ॲप.लॉग 2>&1 &

क्रम पण तसाच ठेवा, आधी >> फाइल आणि मग 2>&1. नोहप नसताना उलटं लिहिलंत तर एरर टर्मिनलकडेच जातात, लॉगमध्ये येत नाहीत. आणि काही जण > ॲप.लॉग 2> ॲप.लॉग असं दोनदा उघडतात ते तर अजिबात करू नका, दोन वेगळे ऑफसेट तयार होतात आणि दोघं एकमेकांच्या ओळींवर लिहितात, अर्धी ओळ याची अर्धी त्याची.

ॲप स्वतःच फाइल उघडत असेल तर शेलचा >> उपयोगाचा नाही, कोडमध्ये बघावं लागेल. पायथनमध्ये कोणी ओपन करताना मोड ‘डब्ल्यू’ दिला असेल तर ‘ए’ करा. पायथनच्या स्वतःच्या लॉगिंग मॉड्यूलचा फाइल हँडलर डिफॉल्टने ‘ए’ च असतो, त्यामुळे ते वापरणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही, कोणी मुद्दाम बदलला नसेल तर.

अपेंड करूनही कॉपीट्रंकेटमध्ये एक बारीक खोट राहतेच. कॉपी संपली आणि ट्रंकेट व्हायचं आहे, त्या मधल्या क्षणात ज्या ओळी लिहिल्या गेल्या त्या ना कॉपीत ना मूळ फाइलमध्ये, गेल्याच. ॲपच्या डीबग लॉगला चालतं, पण व्यवहाराचा किंवा ऑडिटचा लॉग असेल तर कॉपीट्रंकेट काढा, फाइलचं नाव बदलून नवी बनवायची साधी पद्धत ठेवा आणि पोस्टरोटेटमध्ये ॲपला फाइल पुन्हा उघडायचा सिग्नल द्या. एनजिनएक्सला त्यासाठी यूएसआर१ सिग्नल चालतो. ज्या प्रोग्रामला असा सिग्नल कळतच नाही त्याच्यासाठीच कॉपीट्रंकेट आहे खरं तर.

आज रीस्टार्ट शक्य नसेल तर तोपर्यंतचा टेकू:

टीआर -डी '\000' < ॲप.लॉग | ग्रेप एरर | डब्ल्यूसी -एल

हा आकडा बरोबर देतो. पण दर वेळी तीन जीबीची शून्यं वाचून फेकतो, त्यामुळे हे कायमचं ठेवू नका. मी स्वतः पहिले दोन आठवडे हेच लावून ‘झालं काम’ म्हणून गप्प बसलो होतो, आणि मग कोणीतरी म्हणालं की स्क्रिप्टला एवढा वेळ का लागतो. मधे रीस्टार्ट न होता पुन्हा रोटेट झालं तर जुन्या झिप केलेल्या लॉगमध्ये पण हीच शून्यं जातात, पण एकसारखी शून्यं जीझिप हजार पटीपर्यंत दाबतो, म्हणून बाहेरून साइज बघून काहीच कळत नाही.

आता माझी एक चूक सांगतो, ती तुम्ही करू नका. नल दिसल्यावर मी उत्साहात चालू लॉगवरच सेड मायनस आय चालवला, जागच्या जागी साफ करू म्हणून. सेड मायनस आय नावाला जागच्या जागी, प्रत्यक्षात तो नवी फाइल बनवतो आणि जुन्या नावावर आणून ठेवतो. आयनोड बदलतो. ॲपने जुना आयनोड धरून ठेवलेला, त्यामुळे ॲप मजेत त्या नाव गेलेल्या फाइलमध्ये लिहीत राहिलं आणि मी नव्या फाइलवर टेल मायनस एफ लावून बसलोय, एक ओळ येईना. मला वाटलं ॲप अडकलं. अर्धा तास गेला त्यात. एलएसओएफ +एल1 (एल कॅपिटल) केलं तेव्हा ती फाइल दिसली, नाव गेलेली पण उघडी, साइज वाढतोय. तेव्हा चालू लॉगवर कधीच सेड मायनस आय नाही, नेहमी कॉपी घ्या किंवा पाइपमध्ये साफ करा. तसंच सॉर्ट फाइल > तीच फाइल हे पण नाही, शेल आधी फाइल रिकामी करतो आणि मग सॉर्ट सुरू होतो, त्याच्या हाती काय लागणार. सॉर्टला मायनस ओ आहे, त्याने तीच फाइल दिली तरी चालते.

‘बायनरी फाइल’ चं हे एकच कारण नसतं म्हणा. वरच्या टीआरने नल मोजले आणि उत्तर 0 आलं तर बहुतेक एन्कोडिंगची गडबड आहे, म्हणजे टर्मिनलचं लोकेल (भाषा आणि एन्कोडिंगची सेटिंग) यूटीएफ-८ आणि लॉगमध्ये कुठूनतरी दुसऱ्या एन्कोडिंगचा बाइट घुसलाय. याची खूण बरोबर उलटी असते, हाताने चालवलं की ‘बायनरी’ म्हणतं आणि क्रॉनमधून नीट चालतं, कारण क्रॉनमध्ये लोकेल बहुतेक वेळा साधं सी असतं. कमांडच्या आधी एलसी ऑल बरोबर सी लावून बघा, सुटलं तर तेच. आणि ओडीत एक अक्षर, एक \0, एक अक्षर, एक \0 असं दिसलं तर ती अख्खी फाइल यूटीएफ-१६ आहे. विंडोजच्या जुन्या पॉवरशेल ५.१ मध्ये > ने आउटपुट फाइलमध्ये टाकलं की असंच होतं, ६ पासून यूटीएफ-८ येतं. तिथे नल उडवू नका, आयकॉन्व्हने यूटीएफ-१६ वरून यूटीएफ-८ करा. नुसते नल उडवले तर इंग्रजी मजकूर दिसायला ठीक होतो पण आपल्या देवनागरीचा चिवडा होतो.

कॅरेज रिटर्नचं पण थोडक्यात. ओळीच्या शेवटाला $ लावून शोधलं की काहीच सापडत नाही आणि डोळ्यांना तर दिसतंय, असं झालं की कॅट मायनस ए, ए कॅपिटल. शेवटी $ च्या आधी टोपी आणि एम दिसला की तो विंडोजचा लाइन एंडिंग आहे. '\015' टीआरने उडवा. पण थांबा, आधी बघा तो ओळीच्या शेवटीच आहे की मधे पण आहे. प्रोग्रेस बार दाखवणारे प्रोग्राम एकाच ओळीवर शंभर वेळा लिहायला हाच कॅरेक्टर वापरतात, आणि तो उडवलात तर १ टक्का २ टक्के ३ टक्के असं सगळं एकमेकांना चिकटून एक मोठी ओळ होते. तिथे उडवायचा नाही, बदलायचा:

टीआर '\015' '\012' < इन्स्टॉल.लॉग

आणि रंगांचे कोड. यांचा आणि बायनरीचा संबंध नाही पण ते पण शोध मोडतात, शब्दाच्या मधे एस्केप येऊन बसतो. नुसता '\033' उडवला तर मागे [31 आणि एम असं शेपूट उरतं, त्यामुळे सेडमध्ये एस्केप, चौकटी कंस, मग आकडे आणि ; कितीही, शेवटी एम, असा अख्खा पॅटर्न द्यावा लागतो. त्याहून बरं म्हणजे रंग आले कुठून ते बघा. निम्म्या वेळा कोणाच्यातरी एलियसमध्ये ग्रेपला कलर ऑलवेज दिलेलं असतं, ते ऑटो करा, मग पाइपमध्ये रंग जातच नाहीत.

साफ झालेल्या लॉगमधून एकच एक ओळ परत परत येत असेल तर युनिकच्या नादाला लागू नका, तो फक्त शेजारशेजारच्या ओळी बघतो. सॉर्ट केलं तर वेळेचा क्रम जातो. ऑकची ही ओळ क्रम न मोडता प्रत्येक ओळ एकदाच ठेवते, मात्र ओळीतली वेळ आधी कापून टाका नाहीतर प्रत्येक ओळ वेगळीच ठरते:

ऑक '!_[$0]++'

स्क्रिप्ट आता मी अशी ठेवली आहे की मोजायच्या आधी नल मोजते, आणि शून्यापेक्षा जास्त आले तर मेलमध्ये आकड्याच्या जागी ‘लॉगमध्ये नल आहेत, आकडा धरू नका’ असं टाकते. लॉग फार मोठा नसेल तर या जादा फेरीला फारसा वेळ लागत नाही.

फिक्स टाकल्यावर रविवारची वाट बघू नका. आधी लॉगरोटेट मायनस डी, तो फक्त काय करणार ते सांगतो, करत काही नाही. मग टेस्ट मशीनवर मायनस एफ ने जबरदस्तीने रोटेट करा, ॲपकडून दोन-चार ओळी लिहवून घ्या आणि एलएस मायनस एलएस. साइज काही केबीमध्ये आला आणि ओडीची पहिली ओळ \0 ऐवजी तारखेने सुरू झाली तर बसलं. साइज पुन्हा उडी मारून जुन्याच आकड्याच्या वर गेला असेल तर कुठलातरी प्रोसेस अजून जुन्या > ने चालू आहे, आमच्याकडे ॲप सुरू करणारी दुसरी एक जुनी स्क्रिप्ट निघाली, तिच्यात तो > तसाच होता.